खिळ्यावरची किल्ली

राजलक्ष्मी जुनी मोटारसायकल घेणार म्हटल्यावर घरात सगळ्यांत आधी हसला तो ऋषिराज. अंगणात खुर्ची टाकून बसला होता, तो मांडीवर थाप मारून हसला आणि राजलक्ष्मीच्या नवऱ्याला म्हणाला, "आरं सौरभ, बायकूला एखादी गुलाबी स्कुटी घेऊन दे की. मोटारसायकल काय करायचीय तिला?"

राजलक्ष्मी तीन पावलांवर बसून सृष्टीला वरणभात भरवत होती. गाडी तिची, कष्ट तिचे, काम तिचं, आणि प्रश्न सौरभला. सौरभनं आपली मान हलवली, ना होय ना नाही. राजलक्ष्मीनं एक घास लेकीच्या तोंडात घातला आणि दुसरा हातातच राहिला. सृष्टीनं तोंड उघडून वाट पाहिली, मग आईच्या मनगटाला धरून घास स्वतःच तोंडाकडे ओढून घेतला.

वडगाव निंबाळकरातलं हे घर म्हणजे खरं तर दोन घरं आणि एक अंगण. अलीकडच्या घरात राजलक्ष्मी, सौरभ, अडीच वर्षांची सृष्टी आणि सासूबाई मालतीबाई. पलीकडच्या घरात चुलत सासरे दादासो, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, आणि त्यांचा मुलगा ऋषिराज; त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. तो सौरभपेक्षा मोठा, म्हणून राजलक्ष्मीला भाऊजी. त्याची स्वतःची गाडी होती, भली थोरली, धडधडणारी, रविवारी शांपूनं धुवायची आणि बाकीचे दिवस कापडाखाली झाकून ठेवायची. रोजच्या कामाला ती परवडत नाही, पेट्रोल फार पिते, असं तो स्वतःच अभिमानानं सांगायचा.

राजलक्ष्मीचं काम गायी भरवायचं. कृत्रिम रेतनाचा कोर्स करून, परीक्षा देऊन तिनं दूध संघाचं काम मिळवलं होतं. सहा गावं तिच्याकडे होती. लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे. काहीजण आदरानं म्हणायचे, काहीजण मुद्दाम. गाय माजावर आली की फोन यायचा, आणि फोन आला की घड्याळ सुरू व्हायचं. काही तासांत पोचलं तर पोचलं, नाहीतर पुढचा माज एकवीस दिवसांनी. तोवर गाय नुसती खाणार आणि मालकीण नुसती बघणार. सोबत न्यायचा तो नायट्रोजनचा कंटेनर, कळशीएवढा. त्याच्या पोटात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, वीर्याच्या कांड्या ठेवलेल्या. तो आडवा होऊन चालत नाही, आपटून तर मुळीच चालत नाही.

स्कुटी तिनं चालवून बघितली होती, मैत्रिणीची. उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये ते बारकं चाक असं अडकलं, की ती कंटेनर पोटाशी धरून पाचटात बसली. तेव्हापासून तिनं ठरवलं होतं, घ्यायची तर मोठ्या चाकाची. एसटीनं आणि कुणाच्या तरी मागं बसून जाता जाता कऱ्हाटीचे दोन फोन चुकले होते. संघाच्या साहेबांनी बोलावून शांतपणे सांगितलं होतं, आणखी एक चुकला तर कऱ्हाटी दुसऱ्याला देऊ. शांतपणे सांगितलं म्हणूनच ते जास्त लागलं. कऱ्हाटीत तिच्या सगळ्यांत जास्त गायी होत्या. कऱ्हाटी गेली तर बाकीच्या गावांवर संघ तिला ठेवील कशाला?

गाडी सापडली इंदापुरात. राजलक्ष्मीचं माहेर तिकडचं, निमगाव केतकीचं. बारावीत असताना वडिलांच्या गाडीला दोन्हीकडं दुधाच्या किटल्या लावून ती डेअरीला जायची, त्यामुळं गाडी तिला नवी नव्हती. वडिलांच्याच ओळखीतल्या एका रिटायर टाइमकीपरांच्या पडवीत ही काळी, शंभर सीसीची गाडी चार वर्षं ताडपत्रीखाली उभी होती.

टाइमकीपरांनी चहा दिला आणि सौरभला गाडी दाखवायला सुरुवात केली. सौरभ कंपनीत पॅकिंगला. पहिल्या पाळीची बस पहाटे दारातून न्यायची आणि दुपारी दारात सोडायची. गाडीबद्दल त्याला एवढंच ठाऊक, की पेट्रोल टाकलं की ती चालते. पण टाइमकीपर त्यालाच सांगत होते, ॲव्हरेज किती, इंजिन कसं एका हातचं, आणि सौरभ समजल्यासारखा हुंकार भरत होता. राजलक्ष्मी खाली बसली. पुढच्या शॉकॲब्जॉर्बरवर तेल ओघळून वाळलेलं, म्हणजे सील गेलं. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. टाकीचं झाकण उघडलं तर आत गंजाचा तांबूस चिखल. मग तिनं ओढणी कमरेला खोचली आणि किक हातानं हळूहळू दाबली. मध्येच तिला घट्ट अडल्यासारखं लागलं, आणि तिचा चेहरा फुलला. दाब होता. इंजिन जिवंत होतं.

"घेऊ," ती म्हणाली.

टाइमकीपर सौरभकडं बघून म्हणाले, "काय मग, ठरवता का?"

व्यवहार झाला आणि किल्ली त्यांनी सौरभच्या हातात ठेवली. सौरभनं ती लगेच तिला दिली, हे खरं. पण आधी त्याच्या हातात गेली, हेही खरं, आणि येताना टेम्पोत मागं गाडीला धरून बसलेल्या राजलक्ष्मीला लासुर्ण्यापर्यंत तेच आठवत राहिलं.

वडगावात चौकाच्या अलीकडं दत्तोबांचं गॅरेज. माणूस साठीचा, हाताला गुण असलेला आणि तोंडानं कंजूष. त्यांनी गाडी भोवतीनं फिरून बघितली, राजलक्ष्मी काय काय करायचं ते सांगत होती तिकडं लक्ष दिलं नाही, आणि खिशातून फोन काढून सौरभला लावला. चेनसेट बदलू का, क्लचप्लेटा बघू का, असं ते विचारू लागले. सौरभ तेव्हा कंपनीत होता, मागं मशिनचा आवाज येत होता.

राजलक्ष्मीनं हात पुढं केला. "द्या फोन."

दत्तोबांनी दिला. तिनं तो बंद केला आणि त्यांच्या खिशात परत टाकला.

"गाडी माझी हाय, दत्तोबा. आन मी हितं हाय. तुमच्या म्होरं. जे इचारायचं ते मला इचारा."

"तसं न्हाय पोरी," दत्तोबा म्हणाले, "घरातल्या माणसाला इचारलेलं बरं आसतंय. उद्या म्हणत्याल, दत्तोबानं बाईमाणसाला फशिवलं."

"फशिवताना कुणाला इचारणार हाय का तुमी?"

दत्तोबांनी कोपऱ्यातला पाना उचलून तिच्या हातात दिला. चेनकव्हर खोल म्हणाले. ते रागानं म्हणाले की गमतीनं, हे तिला कधीच कळलं नाही, पण तिनं खोललं.

पाच आठवडे लागले. सकाळच्या फेऱ्या झाल्या की दुपारी ती सृष्टीला कडेवर घेऊन गॅरेजला यायची. कार्बोरेटर रॉकेलमध्ये बुडवून साफ केला, ब्रेकचे लायनर घातले, सील बदललं, नवं वायरिंग ओढलं. टाकी धुवायची तर दत्तोबांनी आत मूठभर बारीक खडी आणि डिझेल टाकलं आणि झाकण लावून म्हणाले, हलव. गंज तसाच सुटतो. राजलक्ष्मी टाकी दोन्ही हातांत धरून हलवायची. त्या खडखडाटाला सृष्टी असली खूश झाली, की जुन्या टायरमध्ये उभी राहून, दोन्ही हात वर करून नाचू लागली. आई थांबली की ओरडायची, "आनी!" म्हणजे आणखी. दंड भरून आले तरी राजलक्ष्मी हलवत राहिली. टाकी स्वच्छ झाली त्यात अर्धा वाटा त्या "आनी"चा. नाकाला काळं ऑइल लागलेली ती पोर घरी न्यायची म्हणजे मालतीबाईंचं बोलणं खायचं. तरी तिनं ते नाक गॅरेजातच पुसलं नाही. घरापर्यंत तसंच नेलं, बघत बघत.

शेवटी डाव्या बाजूचं साडीगार्ड कापून तिथं लोखंडी रिंग वेल्ड करून घेतली, आत ट्यूबचं रबर गुंडाळलं, आणि कंटेनर त्यात कुशीत निजल्यासारखा बसला. नावावर करायला बारामतीला गेली तर एजंटानं न विचारता फॉर्मवर सौरभचं नाव घालून ठेवलेलं. तिनं तो फॉर्म त्याच्यासमोर फाडून टाकला आणि दुसरा मागितला.

पहिल्या दिवशी गाडी अंगणात आली तेव्हा ऋषिराजनं चाकाला बूट लावून बघितला. भंगाराला पॉलिश केलंय म्हणाला.

आणि आठव्या दिवशी तेच भंगार घेऊन तो बारामतीला जाऊन आला.

त्याचं असं, की त्या अंगणात एक रीत होती. सोप्यात, दाराच्या डाव्या हाताला एक खिळा होता. घरात जी काही दोन चाकं येत, त्यांची किल्ली त्या खिळ्यावर. सासऱ्यांच्या लुनापासूनची रीत. ज्याला जायचं त्यानं किल्ली काढायची आणि जायचं, कुणी कुणाला विचारायचं नाही, कारण घरचं ते सगळ्यांचं. ऐकायला किती छान. फक्त त्या खिळ्याकडं हात करणारे सगळे पुरुषच होते, आणि ऋषिराजच्या थोरल्या गाडीची किल्ली त्या खिळ्यावर कधीच टांगली गेली नव्हती. ती त्याच्या उशाशी असायची.

बारामती झाली, मग सोमेश्वरनगरला कुणाला तरी सोडून यायचं झालं, मग तात्यांचा दळणाचा डबा. डबा अडकवायला कंटेनरची रिंगच बरी पडते, हा शोध तात्यांचा. रिंग वाकली. दत्तोबांनी ती सरळ करताना तोंडानं काही म्हटलं नाही, पण हातोडा जरा जोरात मारला. सौरभला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, नको कसं म्हणायचं? भाऊबंद हायत." पेट्रोल प्रत्येक वेळी रिझर्व्हला. एकदा राजलक्ष्मीनं किल्ली तांदळाच्या डब्यात ठेवली. संध्याकाळी तात्या सोप्यात येऊन रिकाम्या खिळ्यासमोर उभे राहिले आणि घरात ऐकू जाईल असं म्हणाले, "का गं मालती, आमी काय चोर हाय का?" मालतीबाईंचे डोळे भरून आले. किल्ली परत खिळ्यावर गेली. टांगताना राजलक्ष्मीला वाटलं, आपल्याच हातानं आपण आपलं काहीतरी परक्या माणसाच्या खिशात घालतोय.

त्या मंगळवारी सकाळी आठला फोन आला. कऱ्हाटीच्या पुढच्या वस्तीवरच्या ठमाबाई. एकटी बाई, एकच गाय. गाय दोनदा भरवून उलटली होती, म्हणजे राहिली नव्हती. दोन्ही वेळा दुसऱ्याकडून. शेजारपाजारचे नको म्हणत असताना ठमाबाईंनी या वेळी राजलक्ष्मीला फोन केला होता.

"काल सांजच्यापास्नं हंबरतीय बग. सोट काचंवानी. ये लौकर, लेकी."

काचेसारखा स्वच्छ स्राव, म्हणजे माज ऐन भरात. पण कालच्या संध्याकाळपासून, म्हणजे फार तर अकरापर्यंत. राजलक्ष्मीनं सृष्टीला मालतीबाईंकडं दिलं, बॅग भरली, कंटेनर उचलून अंगणात आली. जिथं गाडी असायची तिथं मातीवर ऑइलचा एक थेंब होता. सोप्यात खिळा मोकळा.

"ऋषिराज गेला की घेऊन," मालतीबाई म्हणाल्या. "त्याच्या सासुरवाडीच्या भावकीत दहावा हाय, नीरेच्या घाटावर. तुला ठावं न्हवतं?"

ठाऊक कसं असणार? तिनं फोन लावला. कट झाला. परत लावला. मग निरोप आला, दहाव्याला आहे, बाराला येतो.

अंगणाच्या पलीकडं, कापडाखाली, ऋषिराजची गाडी उभी होती. धुतलेली. राजलक्ष्मीनं आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीकडं आशेनं बघितलं. तात्या ओसरीत पेपर वाचत होते. तिनं पदर... ड्रेसवर पदर कुठला, ओढणी सारखी केली आणि झाला प्रकार सांगितला. कऱ्हाटीला तातडीनं जायचंय, भाऊजींच्या गाडीची किल्ली मिळाली तर तासाभरात परत आणून लावते म्हणाली.

तात्यांनी पेपर खाली घेतला. चेहऱ्यावर काही राग नव्हता, उलट समजूत घालण्याचा भाव होता.

"तसं कसं, पोरी. ती त्याची गाडी हाय. त्याला इचारल्याबिगर मी कशी दिऊ?"

राजलक्ष्मी उभीच राहिली. त्यांनी जे म्हटलं ते त्यांना स्वतःला ऐकू आलं का, हे बघायला ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती. आलं नव्हतं. त्यांनी पान उलटलं. तिच्या कानशिलापर्यंत काहीतरी गरम चढत गेलं आणि तिथंच राहिलं. बोलायला गेली असती तर रडली असती, आणि रडायचं नव्हतं. ती वळली.

कऱ्हाटीला एसटीनं जायचं तर बारामतीवरून फिरून, एक वाजला असता. दुसऱ्या कुणाची गाडी मागावी तर त्या वेळेला सगळी माणसं रानात नाहीतर कामावर. पण नीरेच्या बाजूला जाणारा दुधाचा टेम्पो चौकात उभा होता. घाट कऱ्हाटीच्या अगदी उलट्या दिशेला. तरी तिथं जाऊन, गाडी घेऊन, परत फिरणं हेच सगळ्यांत लवकरचं होतं. ती ड्रायव्हरशेजारी बसली, कंटेनर मांडीवर, सृष्टीला धरतात तसा दोन्ही हातांनी धरून. खड्डा आला की टाचा उचलायची, म्हणजे धक्का तिला बसावा, त्याला नको. ड्रायव्हरनं विचारलं कुठं निघालात, तर ती म्हणाली, माझी गाडी आणायला. एवढंच बोलली.

घाटावर पन्नासएक गाड्या चिंचेखाली लावलेल्या. पायऱ्यांवर पुरुषमाणसं गप्प बसलेली, बायका बाजूला. प्रवचन संपलं होतं. पिंड ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. तीन कावळे पलीकडच्या बाभळीवर बसून सगळ्यांकडं बघत होते, आणि मयताचा मुलगा हात जोडून सांगत होता, धाकटीचं लग्न आमी चांगलं करू, काळजी करू नका. कुणी खोकत सुद्धा नव्हतं.

तिची गाडी तिला लगेच दिसली. कंटेनरच्या रिंगला हाराची आणि नारळाची पिशवी लटकत होती.

ऋषिराज चौथ्या पायरीवर होता, पांढऱ्या शुभ्र कपड्यांत. राजलक्ष्मी डोक्यावर ओढणी घेऊन कडेकडेनं खाली उतरली. बायकांनी वळून बघितलं. मग पुरुषांनी. ती त्याच्या शेजारी वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "भाऊजी, किल्ली द्या."

त्यानं डोळे मोठे केले. "हितं? आत्ता? कळतंय का काय चाललंय?"

"कळतंय. म्हणून हळू बोलतीय. गाय वाट बघतीय कऱ्हाटीला."

"घरी बोलू. जा तू."

"तुमची गाडी मागितली तात्यांना. ते म्हणले, मालकाला इचारल्याबिगर देता येत न्हाय." तिचा आवाज तेवढाच राहिला. "बरोबर बोलले. मग माज्या गाडीला मालक न्हाय का? मला कुणी इचारलं?"

"गाडी घरची हाय."

"घरची हाय तर तुमची उशाला का?"

पुढच्या पायरीवरचे एक फेटेवाले म्हातारे मागं वळले. बहुतेक सगळं त्यांनी ऐकलं होतं. ते ऋषिराजला म्हणाले, "आरं बाबा, दे की तिची किल्ली तिला. तिकडं कावळा आईकतूया, त्यो यायचा न्हाय." शेजारच्या दोघांनी तोंडावर उपरणं धरलं. ऋषिराजचे कान लाल झाले. सासुरवाडीची माणसं समोर होती. त्यानं खिशात हात घातला आणि किल्ली तिच्या हातात न देता पायरीवर ठेवली.

तिनं ती उचलली.

"मी घरी कसा येऊ?" तो दात आवळून म्हणाला.

"पावणेबाराची एसटी हाय."

चिंचेखाली तिनं नारळाची पिशवी काढून शेजारच्या गाडीला अडकवली, कंटेनर रिंगेत बसवला, रबर ओढलं. किकवर पाय ठेवला आणि मग बाभळीवरच्या कावळ्यांकडं बघितलं. गेलेल्या माणसाशी तिचं काही भांडण नव्हतं. तिनं पाय काढून घेतला आणि एवढा उशीर झालेला असताना ती गाडी ढकलत, चढावर, डांबरी रस्त्यापर्यंत घेऊन गेली. पाठ भिजली. रस्त्यावर आल्यावर किक मारली. सुरू झाली नाही. पेट्रोलचा कॉक बघितला, टाकी नेहमीसारखीच तळाला नेलेली. रिझर्व्हला फिरवला, परत किक मारली. आणि मग ती जी निघाली, ती वडगावच्या चौकात पंपावर क्षणभर थांबली तेवढीच, नाहीतर सरळ कऱ्हाटी. रस्ताभर ती बोलत होती, मोठ्यानं, वाऱ्यात. तात्यांना बोलली, टाइमकीपरांना बोलली, एजंटाला, सौरभला तर फारच बोलली. कुणाला ऐकू जाणार नव्हतं म्हणून काही राखून ठेवलं नाही.

ठमाबाई रस्त्यावरच उभ्या होत्या, डोळ्यांवर हात घेऊन. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मला वाटलं तूबी न्हाय यायची," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

गाय अजून अंगाला हात लावला की स्थिर उभी राहत होती. माज ओसरायला लागला होता, पण होता. राजलक्ष्मीनं कोमट पाणी मागितलं, कांडी काढली, खांद्यापर्यंत हातमोजा चढवला. रागाचे हात या कामाला चालत नाहीत. गायीला ते लगेच कळतं. तिनं गायीच्या पाठीवर गाल टेकवला, डोळे मिटले, दोन श्वास घेतले. तिच्या अंगाला गवताचा आणि उन्हाचा वास होता. "आई गं, तू तरी शांत उभी राहा," ती म्हणाली, आणि गाय राहिली.

संध्याकाळी अंगणात पंचायत भरली. ऋषिराजला पावणेबाराची एसटी मिळाली नव्हती, तो कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून आला होता, आणि ते पांढरे कपडे आता पांढरे नव्हते. तात्या बोलत होते. भर दहाव्यात, सोयऱ्यांसमोर, घराण्याची अब्रू. मालतीबाई दारात उभ्या राहून राजलक्ष्मीला खुणावत होत्या, पाया पड, संपव. सृष्टी आजीच्या पायाला धरून उभी होती आणि एवढी माणसं एवढ्या मोठ्यानं का बोलतायत म्हणून एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. राजलक्ष्मीनं तिला उचलून घेतलं.

"तात्या," ती म्हणाली, "मी कुणाचा अपमान करायला गेले न्हवते. कऱ्हाटी माज्या हातनं जाणार होती. तुमाला सांगितलं होतं. तुमी पेपर वाचत होता."

"गाडीसाठनं एवढं?"

"गाडीसाठनं न्हाय. माज्या पोटासाठनं. ती गाडी मी हातानं खोललीय आन हातानं जोडलीय. तुमी हसला तवाबी आन तुमी नेली तवाबी. आता तिची किल्ली खिळ्यावर न्हाय राहणार. कुणाला पाहिजे त्यानं मागायची. मी व्हय म्हणले तर न्यायची."

मग सौरभ, पायातल्या चपलेकडं बघत, म्हणाला, "तात्या, गाडी तिच्या नावावर हाय."

बोलला. पण किती उशिरा, आणि किती हळू. राजलक्ष्मीला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. एवढं एक वाक्य त्याच्याजवळ इतके दिवस होतं, तर त्यानं ते ठेवलं कुठं होतं? तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि त्यानंही तिच्याकडं बघितलं, आणि त्याला ते कळलं असावं, कारण त्या रात्री सृष्टीला त्यानंच निजवलं आणि दुसऱ्या दिवशी पाळीवरून आल्यावर न सांगता गाडी पुसून ठेवली.

ऋषिराज तिच्याशी बोलायचा बंद झाला. मालतीबाई चार दिवस घुम्या होत्या, मग भाजीच्या निमित्तानं बोलू लागल्या. किल्ली राजलक्ष्मीच्या पर्समध्ये राहू लागली. सकाळी निघताना ती पर्स उघडायची आणि किल्ली तिथंच असायची. रोज ती असायची, आणि रोज राजलक्ष्मीला जरा राग यायचा, की एवढ्याशा गोष्टीचं आपल्याला अजून नवल वाटतं.

ठमाबाईंचा फोन येऊ नये म्हणून ती दिवस मोजत होती. गाय राहिली नाही तर एकवीस दिवसांनी परत माजावर येते, म्हणजे फोन. राहिली तर फोन नाही. एकविसावा दिवस गेला. बाविसाव्या दिवशी दुपारी ती अंगणात गाडीजवळ बसून चेनला ऑइल लावत होती, सृष्टी फडक्यानं टाकी पुसत होती, खरं तर टाकीत दिसणाऱ्या स्वतःच्या नाकाला चापट्या मारत होती, आणि फोन वाजला. ऑइलच्या हातानंच तिनं फोन उलटा केला.

तात्या.

तिनं मान वर करून बघितलं. तात्या त्यांच्या ओसरीत, दहा पावलांवर, पाठ फिरवून उभे होते आणि फोन कानाला लावलेला. समोर येऊन विचारणं जमत नव्हतं, म्हणून फोन.

"हॅलो. राजलक्ष्मी, गाडी मोकळी हाय का? जरा सोमेश्वरनगरला जाऊन आलो असतो."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ठमाबाईंचा फोन नव्हता या आनंदात तिच्या तोंडून हो निघतच होतं. गाडी मोकळीच होती. संध्याकाळपर्यंत कुठली फेरी नव्हती. तिनं सृष्टीकडं बघितलं. पोरीनं फडकं खाली टाकलं होतं आणि दोन्ही हात वर करून उभी होती, टाकीवर बसव म्हणून.

"न्हाय, तात्या," राजलक्ष्मी म्हणाली.

"का गं? कऱ्हाटीला चाललीस व्हय?"

"न्हाय. पोरीला फिरवायला."

मग ते म्हणाले, "बरं," आणि वळून न बघताच आत गेले. राजलक्ष्मीनं हात फडक्याला पुसले, लेकीला उचलून टाकीवर बसवलं, तिचे दोन्ही तळवे हँडलच्या मधोमध ठेवले आणि किक मारली, पण गाडी नुसतीच खडखडली. सृष्टी म्हणाली, "आनी." राजलक्ष्मीनं हसून परत मारली.

दोघी कॅनॉलच्या रस्त्यानं गेल्या, सावकाश, दुसऱ्या गिअरवर. कुठंच जायचं नव्हतं.